दंताळे : शब्द आणि वस्तू

शेतीच्या अवजारांची नावे गोळा करीत फिरणाऱ्या भाषाभ्यासकास एक मोह नेहमी होत असतो. नाव टिपून घेतले की वस्तूही समजली, असे त्यास वाटू लागते. जर्मन भाषिक प्रदेशांत मेरिंगर आणि शुखार्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘शब्द आणि वस्तू’ यांचा अभ्यास एकत्रच झाला पाहिजे असा आग्रह धरला. त्याआधी, १८८५ मध्ये, ग्रिअर्सनने बिहारच्या शेतकरी जीवनाचा कोश रचताना प्रत्येक अवजार प्रत्यक्ष पाहून त्याचे अवयव नोंदले होते. ही शिस्त किती आवश्यक आहे, याचा प्रत्यय मला गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात आला. निमित्त झाले ते ट्रॅक्टरास जोडावयाच्या दंताळ्याचे.

मुलचेऱ्यातील एका वसतिगृहाच्या आवारात मी काही दिवस मुक्कामास होतो. आवार सुमारे तीन एकरांचे. कडेला सागाची दाट रांग, मागे बांबूची बेटे आणि दोन मोठे मोह. माघ सरता सरता सागाची पाने गळू लागतात आणि फाल्गुनात जमीन दिसेनाशी होते. पूर्वी हा पाचोळा जागच्या जागी पेटवून देत. एकदा ती आग कुंपणाबाहेर गेली आणि मोठ्या कष्टाने आटोक्यात आली. तेव्हापासून आग लावणे बंद झाले. पुढील उन्हाळ्यात व्यवस्थापकांनी भाड्याने ट्रॅक्टर बोलावला व चालकास एवढेच सांगितले, “आवार साफ करून द्या.” त्याच्यापाशी रोटाव्हेटर होता. त्याने दोन तासांत सारे आवार भुसभुशीत केले. पाचोळा मातीत मिसळून अदृश्य झाला. सर्वांस समाधान वाटले. पहिल्या जोरदार पावसात ती मोकळी माती गटारात आणि विहिरीच्या कट्ट्याशी येऊन बसली, आणि मुलांना महिनाभर चिखलातून वाट काढावी लागली.

दोष चालकाचा नव्हता. ‘साफ करणे’ या क्रियापदात तीन निरनिराळ्या क्रिया दडल्या आहेत : कापणे, उलथणे आणि ओढून गोळा करणे. शेतीच्या मराठीने त्यांची फारकत कधीच केलेली आहे. विदर्भाचा वखर किंवा देशावरचा कुळव यांची पास जमिनीखालून आडवी सरकते व तणाची मुळे कापते. नांगर माती उलथतो. दंताळे यांपैकी काहीच करीत नाही. ते मातीच्या पाठीवरून फिरते आणि वर जे सुटे पडले आहे तेवढेच ओढून आणते. खळ्यावर काड व भूस बाजूस सारावयास, परसातील पाचोळा ओढावयास ते वापरतात. शब्दाची घडण पाहिली तर ‘दंत’ आणि ‘केसाळ’, ‘दुधाळ’ यांतील ‘-आळ’ हा प्रत्यय सहज दिसतो : पुष्कळ दात असलेले ते दंताळे. तिफणीच्या नावात तिच्या फणांची संख्या सांगितली आहे. दंताळ्याच्या नावात संख्या नाही, केवळ विपुलता आहे. हे मला अन्वर्थक वाटते. तिफणीस तीनच ओळी पेरावयाच्या असतात, म्हणून तेथे मोजदाद हवी. दंताळ्याचे काम दातांच्या दाटीवर चालते.

मुलचेऱ्यात या शब्दास शेजारही चांगला लाभला आहे. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरापासून वेगळा झाला. मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या येथील जुन्या भाषा. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे विवेकानंदपूर, सुंदरनगर अशा गावांतून बंगालीही घरोघर बोलली जाते. तेलुगूत दात्यांच्या अवजारास ‘दंते’ म्हणतात आणि पासेच्या अवजारास ‘गुंटक’. म्हणजे वखर व दंताळे यांतील भेद तेथेही पाळलेला आहे. बंगालीतील ‘आँचडा’ हा शब्द केस विंचरण्याच्या क्रियापदाचा सख्खा भाऊ. वसतिगृहाने पुढे दंताळे मागवले, तेव्हा ते पाहून तोच चालक म्हणाला, “हा तर कंगवा आहे.” त्याने वस्तू ओळखली होती. यंत्राच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा हे वर्णन अचूक आहे : विंचरताना आपण डोक्याची कातडी सोलीत नाही.

आता वस्तूकडे वळू. एक आडवी पोलादी तुळई, तिला एका ओळीत बोल्टांनी घट्ट केलेले वक्र दाते, आणि तुळईच्या मध्यावर उभी खीळ, असा हा साधा सांगाडा असतो. दाते स्प्रिंगच्या पोलादाचे असून दोन दात्यांमधील अंतर साधारण इंचभर असते. दगड किंवा मूळ आडवे आले की दाता किंचित मागे वाकतो व पुन्हा जागेवर येतो. माती व बारीक खडी फटींतून निसटते. पाने, काटक्या आणि मोठे दगड अडकून पुढे ढकलले जातात. रोटाव्हेटरप्रमाणे याला इंजिनाकडून फिरती गती द्यावी लागत नाही. ते नुसते ओढले जाते. म्हणून चार-पाच फूट रुंदीच्या दंताळ्यास फळबागेत चालणारा लहान ट्रॅक्टरही पुरतो.

ट्रॅक्टराशी त्याची जोडणी तीन बिंदूंत होते. खाली दोन बाहू, वर टॉप लिंक नावाचा एक दांडा. ही रचना हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरामुळे ती सर्वत्र पसरली. वरच्या दांड्याची लांबी बदलली की दात्यांचा कल बदलतो. टोके थेट जमिनीत शिरतील असा कल ठेवला तर दंताळे उकरू लागते, म्हणजे त्याचा वखर होतो. टोके मागे घसरतील असा ठेवला तर ते विंचरते. पाचोळ्यासाठी हा दुसरा कल हवा. शब्दांतील भेद येथे एका स्क्रूच्या काही आट्यांवर येऊन ठेपतो, हे पाहून मला मौज वाटली.

नवख्या चालकाच्या हातून होणारी चूक मात्र वेगळीच असते. ट्रॅक्टराची पुढील चाके उंचवट्यावर चढली की मागील आसाभोवती सारे यंत्र कलते आणि दंताळे खाली दबते. चाके खळग्यात उतरली की ते वर उचलले जाते. दहा-वीस फेऱ्यांनंतर जमिनीवर लाटा उठतात. यावर उपाय म्हणजे दंताळ्यामागे बसवलेली दोन छोटी चाके. दात्यांची उंची मग या चाकांवर ठरते आणि ट्रॅक्टराच्या डोलण्याचा परिणाम पुष्कळ कमी होतो. ही चाके स्वतंत्र विकत घ्यावी लागतात म्हणून टाळली जातात. माझ्या मते तेथे काटकसर करू नये.

मधल्या खिळीवर दंताळे तिरके फिरवता येते. सरळ ठेवले तर पाचोळा पुढे साठत जातो व ठराविक अंतरावर अवजार उचलून ढीग सोडावा लागतो. तिरके ठेवले तर पाचोळा एका बाजूस वाहत जाऊन लांब ओळ पडते. परतीच्या फेरीत तीच ओळ आणखी बाहेर सरकवता येते. कुंपणाच्या आतून पाने दूर नेण्यास हीच रीत उपयोगी. अवजार पूर्ण उलटे फिरवले की दात्यांची पाठ पुढे येते, आणि रस्त्यावर टाकलेला मुरूम पसरून सारखा करता येतो. दाते जमिनीस टेकलेले असताना ट्रॅक्टर मागे मात्र घेऊ नये, ते वाकतात.

पानांचा स्वभावही ध्यानी घ्यावा लागतो. सागाचे पान हातभर लांब, ते एका ओढीत येते. मोहाचे पानही अडकते. बांबूचे पान बारीक. ते फटींतून सुखाने निसटते, आणि तेथे हातातले दंताळे किंवा खराटाच बरा. साग एकाच वेळी उघडा होत नाही, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यास एक आणि मार्चअखेर एक अशा दोन फेऱ्या घ्याव्या लागतात. मोहाखालची जागा फुले पडण्यापूर्वी विंचरून घ्यावी. ह्याच फुलांसाठी जमीन मोकळी करण्यास रानात आगी लावल्या जातात, आणि तेंदूच्या पालवीसाठीही. उन्हाळ्यातील वणव्यांचे हे एक जुने कारण होय. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन कायद्यान्वये गुन्हा आहे. पण मोहफूल वेचणाऱ्या बाईस कायद्यापेक्षा मोकळी जमीन अधिक निकडीची असते, आणि ती तिला दंताळ्यानेही मिळू शकते. ट्रॅक्टर अर्थातच रानात न्यावयाचा नाही. तेथे वनकर्मचारी जाळरेषा मोकळ्या ठेवण्यासाठी ब्लोअर वापरतात आणि गावकऱ्यांस हातातील अवजार पुरते. यंत्राचे क्षेत्र आवार, मैदान आणि गाडीवाटेचा काठ एवढेच.

आवारातही सगळीकडे जमीन उघडी करणे शहाणपणाचे नव्हे. या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. थेंबाचा मार उघड्या मातीवर बसला की तिचे कण सुटतात, पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो आणि पाणी न मुरता वाहू लागते. पाचोळ्याचा थर हा मार झेलतो. म्हणून इमारतींभोवतीचा पट्टा, कुंपणाचा काठ आणि चालण्याच्या वाटा स्वच्छ ठेवाव्या. झाडांखाली पातळ थर राहू द्यावा. व्यवस्थापकांस हे पटवण्यास मला थोडा वेळ लागला. ‘स्वच्छ’ म्हणजे ‘उघडे’ असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत.

ओळीने पडलेला पाचोळा शेवटी खड्ड्यात गेला. सागाचे पान राठ असल्यामुळे ते सावकाश कुजते. म्हणून पानांचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर थोडी माती अशी रचना करून खड्डा ओला ठेवावा लागला. ट्रॅक्टराच्या चाकांखाली पाने आधी चुरडून घेतली तर काम लवकर होते, हे त्याच चालकाने सुचवले. दोन खड्डे भरले, तिसरा अर्धा राहिला.