व्हॅलोरंट : पहिल्या काही सामन्यांत काय जाणवतं?

रायट गेम्सचा हा मोफत खेळ 2 जून 2020 रोजी सर्वांसाठी खुला झाला. पाच विरुद्ध पाच. हल्ला करणाऱ्यांनी ‘स्पाइक’ नावाचा बॉम्ब पेरायचा, बचाव करणाऱ्यांनी तो रोखायचा किंवा निकामी करायचा. पेरल्यावर स्फोटाला 45 सेकंद लागतात, निकामी करायला 7. आधी 13 फेऱ्या जिंकणारा संघ विजयी.

नवख्याला पहिला धक्का बसतो तो धावताना गोळी झाडल्यावर. नेम भलतीकडेच जातो. इथे थांबून नेम धरावा लागतो आणि ही सवय अंगवळणी पडेपर्यंत बाकी सगळं व्यर्थ आहे. ‘व्हँडल’ ही रायफल मिळवायला 2,900 क्रेडिट (खेळातले पैसे) लागतात, पण तिची डोक्यात बसलेली एक गोळी कुठल्याही अंतरावरून पुरते. म्हणून हरलेल्या फेरीनंतर पैसे उधळायचे की साठवायचे, हे पाचही जणांनी बोलून ठरवायला हवं. माझ्या मते खेळाची खरी गंमत या बोलण्यातच आहे. मुकाट्याने खेळणारा संघ चांगल्या नेमबाजांसह हरतो.

सेज या पात्राची बर्फाची भिंत, सोव्हा या पात्राचा शोधबाण ही खास कौशल्यं चटकन भुरळ घालतात. सुरुवातीला मात्र एकच पात्र धरून नकाशे पाठ करावेत. उदाहरणार्थ, ‘हेवन’ या नकाशात स्पाइक पेरायच्या जागा दोन नव्हे, तीन आहेत.

मुंबईत सर्व्हर आल्यापासून इथल्या खेळाडूंना सिंगापूरच्या सर्व्हरवर विसंबावं लागत नाही, आणि क्षणार्धात निकाल लागणाऱ्या चकमकींत विलंबातला हा फरक फार मोठा आहे.