डिग्रीनंतरचा दरवाजा

परळपासून हाकेच्या अंतरावर, शिवडीच्या हे बंदर रोडवर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचे आवार आहे. माझे काही विद्यार्थी राखीव जागेतून तेथे गेले. चार वर्षे मरीन इंजिनिअरिंग शिकले. पण नुसत्या डिग्रीवर जहाजाचा इंजिनिअर होता येत नाही. 1978 च्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानुसार निदान 6 महिने इंजिनरूममध्ये राबावे लागते. ट्रेनिंग रेकॉर्ड बुकात केलेल्या कामाची नोंद आणि त्यावर जहाजावरील अधिकाऱ्याची सही लागते. मग सरकारी सर्वेअरपुढे तोंडी परीक्षा.

आता हे जहाज देते कोण? बहुतेक खाजगी कंपनी. तिथे राखीव जागा नाहीत. ज्याचा काका बोटीवर, त्याला वाट ठाऊक असते. गिरणी कामगाराच्या नातवाला दलाल गाठतो. प्रवेश देतानाच संस्थेने जहाजाची हमी द्यावी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी का करू नये?