काचेतील तळे

घरी हौसेने मत्स्यपेटी आणावी आणि महिन्याभरातच मासे मरू लागावेत, मुले हिरमुसावीत, ही तक्रार माझ्या दवाखान्यात पालक वारंवार सांगतात. हा दोष सहसा माशांचा नसतो. तो घाईचा असतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात; विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही तो तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे बरेचसे निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे नसतात; त्यांची वसाहत स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर साचणारे नायट्राइट माशाच्या हिमोग्लोबिनचे मेटहिमोग्लोबिन करते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हे परिचित आहे. नायट्रेटयुक्त विहिरीच्या पाण्यात तयार केलेले दूध पिणारी अर्भके निळी पडतात, हे अमेरिकेतील आयोवाचे डॉ. हंटर कॉमली यांनी १९४५ मध्ये नोंदविले होते. तेथेही रक्तावर घाला घालणारे रसायन हेच.

यावरचा निसर्गाचा उपाय म्हणजे जलवनस्पती. त्या अमोनिया थेट शोषून घेतात. मातीवर वाढविलेल्या वनस्पतींच्या बळावर पेटी सांभाळण्याची पद्धत डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मांडली. माझ्या बैठकीतील पेटी त्याच पद्धतीची आहे.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व छत्तीस उंच पेटी पुरे. भरल्यावर तिचे वजन सुमारे ऐंशी किलो होते, म्हणून मेज भक्कम हवे. तळाशी खत न घातलेली, चाळलेली बागेची माती अडीच सेंटिमीटर व तिच्यावर तितकीच धुतलेली बारीक वाळू पसरावी. वॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या जलद वाढणाऱ्या वनस्पती पहिल्याच दिवशी दाटीने लावाव्यात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून ते चोवीस तास उघड्या बादलीत ठेवावे. प्रकाश रोज आठ-दहा तास मिळावा. दिवसभराचे थेट ऊन मात्र नको, शेवाळ माजते.

वनस्पतींना नवी पाने फुटू लागली, की मगच मासे आणावेत. पाच-सहा झेब्रा मासे प्रारंभास योग्य. ते मूळचे आपल्याच उपखंडातील. पहिले काही आठवडे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. न जेवणाऱ्या नातवामागे वाटी घेऊन फिरण्याची आपली रीत येथे घातक ठरते.

आता थोडे वैद्यकीय. मासा मलूल दिसताच पाण्यात प्रतिजैविक टाकू नये. आजाराच्या जंतूंबरोबर उपकारक जिवाणूही त्याला बळी पडू शकतात. हाताला जखम असता पेटीत हात घालू नये. मायकोबॅक्टेरियम मरायनम या जंतूमुळे त्वचेवर चिवट गाठी येऊ शकतात. विजेच्या तारा व पेटीची कड लहानग्यांच्या हाती लागणार नाही, हेही पाहावे.

पेटी मोडण्याची वेळ आलीच, तर मासे व वनस्पती दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवाव्यात. इंदूरच्या सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात त्या सोडू नयेत. २०२२ मध्ये ही दोन्ही ठिकाणे रामसर पाणथळांच्या यादीत आली. परका जीव तेथे एकदा रुजला, की त्याला आवरणे अवघड होऊन बसते.