टपावरचे दिवे आणि पाण्याची वाट

विरार फाट्यावरून गुजरातच्या दिशेने निघाले की शिरसाड येते, मग खानिवड्याचा टोलनाका आणि तानसा नदीवरचा पूल. मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या या पट्ट्यात पावसाळी रात्री ट्रकची पहिली ओळख पटते ती टपावरच्या दिव्यांनी. केबिनच्या कपाळावर तीन किंवा पाच दिवे ओळीने लावलेले असतात. काही गाडीबरोबर आलेले, बरेचसे मागाहून बसवलेले.

त्यांना निव्वळ हौस म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाच्या सरीत समोरच्याला गाडीची उंची आणि रुंदी कळते ती याच दिव्यांवरून. अमेरिकेत 80 इंच किंवा त्याहून रुंद ट्रकला दोन्ही कडांचे आणि मधले तीन असे दिवे कायद्यानेच लागतात. युरोपच्या नियमांत 2.10 मीटरपेक्षा रुंद गाडीला कडेचे दिवे सक्तीचे आहेत. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 108 समोरच्या बाजूला लाल दिवा दाखवायला मनाई करतो, म्हणून रंग निवडताना जरा भान ठेवावे लागते. पण रंगाकडे सगळ्यांचेच लक्ष असते. दिव्याखाली पाडलेल्या छिद्राकडे नसते.

एका दिव्याला स्क्रूची दोन आणि वायरचे एक, अशी तीन छिद्रे. पाच दिवे म्हणजे पंधरा. पालघरच्या किनारपट्टीवर एका पावसाळ्यात 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या पंधरा छिद्रांखालीच ड्रायव्हरची झोपायची जागा, कागदपत्रे, फ्यूज आणि वायरिंग असते.

गळतीची खोड अशी की पाणी शिरते एकीकडे आणि दिसते भलतीकडे. ते पत्र्याच्या आतल्या बाजूने सरकते, वायर धरून उतरते, अस्तराच्या फोममध्ये मुरते आणि दोन-तीन दिवसांनी बर्थच्या कोपऱ्यात डाग उमटतो. मग डागाच्या वरची जागा चोपडली जाते. गळती मात्र तशीच राहते.

सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे दिव्याभोवती बाहेरून सिलिकॉनचा जाड थर. तो का टिकत नाही, याचे उत्तर दिव्याच्या पोटातल्या हवेत आहे. उन्हात तापलेल्या टपावर दिव्यातली हवा 60 अंशांपर्यंत गेली आणि अचानक सर येऊन ती 27 अंशांवर उतरली, तर बंद दिव्यातला दाब साधारण दहा टक्क्यांनी पडतो. हे ओढणे जवळजवळ एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतके असते. त्या मानाने ताशी 80 किलोमीटर वेगाने समोरून आदळणाऱ्या वाऱ्याचा रेटा पाण्याच्या जेमतेम तीन सेंटिमीटरांएवढा. म्हणजे पाऊस पाणी आत ढकलतो त्याहून कितीतरी जोराने दिवाच ते आत ओढून घेतो, आणि केसाएवढी फटही त्याला पुरते.

खोक्यावरच्या ‘आयपी 67’ या शिक्क्यावर विसंबून राहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ती परीक्षा दिव्याची असते. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून दिवा तपासलेला असतो. आपण टपाला पाडलेले भोक त्या परीक्षेला बसलेले नसते.

चांगले काम कसे होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. छिद्र पाडल्यावर कारागीर आधी कानशीने त्याची धार मारतो, कारण पत्र्याची ती बारीक कूस रबरही कापते आणि वायरही. उघड्या पडलेल्या कडेला प्रायमर लावून तो वाळू देतो. अर्नाळ्याचा समुद्र जवळ. खारी हवा लागली की उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही, आणि रंगाखाली गंज फुगला की वरचे सील आपोआप उचलले जाते. मग छिद्रात रबरी ग्रोमेट, त्यातून वायर, आणि वायर आत गेल्यावर खाली झोळ. या झोळाच्या तळाशी पाणी थेंब होऊन गळून पडते, वर चढून जोडापर्यंत जात नाही. दिव्याखाली रबरी गॅस्केट किंवा ब्यूटाइलची पट्टी. स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. जोर करून पिळले की गॅस्केट मधोमध फुगते आणि कडेला उघडी पडते.

सिलिकॉन वापरायचेच तर वासावरून पारखावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते, त्याने पत्र्याला गंज चढतो आणि तांब्यावर हिरवट कळंक. गाड्यांसाठी न्यूट्रल प्रकारचेच घ्यावे. कडक होणारी एपॉक्सी लांबी तर इथे नकोच. दिव्याची पॉलिकार्बोनेट काच उष्णतेने पोलादाच्या पाचपटींहून अधिक पसरते, वर रस्त्याची थरथर; न वाकणारी लांबी यात तडकते. जुन्या लाकडी होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस ठासून, वर राळ-तेल लावून बंद करत, तेही हेच जाणून. फळी फुगणार, आकसणार; भरण तिच्याबरोबर हलले पाहिजे.

पाणी बाहेर ठेवायचे म्हणून दिवा चहूबाजूंनी गच्च बंद करणे हीच मोठी चूक. त्याला श्वास लागतो. बऱ्या दिव्यांत खालच्या अंगाला छोटी झरोक-छिद्रे असतात किंवा पाणी अडवून हवा सोडणारा पडदा बसवलेला असतो. हा पडदा ताणलेल्या टेफ्लॉनचा असतो. 1969 मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन असे ताणण्याची युक्ती शोधली. त्या जागेवर सिलिकॉन फासले की काचेच्या आत दव साचलेच म्हणून समजा.

आता प्रश्न आणखी नाजूक झाला आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. ड्रायव्हरसाठी ही फार मोठी सोय, आणि ती यायलाच हवी होती. पण ढिल्या छिद्रातून शिरणारी दमट हवा थंड अस्तराला लागून घाम धरते, आणि पाऊस नसतानाही केबिन ‘गळते’.

काम झाल्यावर सिलिकॉनला किमान एक दिवस द्यावा. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जाते, एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर. त्यानंतर अस्तर उघडे ठेवून पाण्याचा पाइप लावायचा: आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर. आत एकाने बॅटरी घेऊन बसायचे. पहिला थेंब जिथे दिसेल तिथेच वाट सापडली. वरून एकदम पाणी ओतले तर ती सापडत नाही.

दिवे लावून त्याच संध्याकाळी गाडी भरायला पाठवणाऱ्या मालकांना एकच विनंती. दिव्यांबरोबर ग्रोमेटचे, गॅस्केटचे आणि त्या एका दिवसाच्या वाळवणीचे पैसेही मोजा, आणि मृगाच्या आधी एकदा टपावर पाइप मारून बघा. त्या टपाखाली ड्रायव्हर झोपतो.