घायपातीचे मद्य : मेक्सिकोतील एक भट्टी

बांधावरची घायपात आपल्या शेतकऱ्यांना परकी नाही. कोणी तिला केकताड म्हणतात. गुरे आत शिरू नयेत म्हणून ती लावायची, पात कुजवून वाख काढायचा आणि दोर वळायचे, एवढाच आपल्याकडे तिचा उपयोग. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिको देशात तिला मागेय म्हणतात, आणि तेथील ओआहाका प्रांतातले शेतकरी तिच्यापासून मेस्काल नावाचे मद्य गाळतात. मद्याची भलावण करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण एका पिकासाठी वर्षानुवर्षे थांबणाऱ्या शेतकऱ्याची रीत जाणून घेण्याजोगी आहे.

घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. एस्पादीन ही लागवडीची जात साधारण सहा ते आठ वर्षांत तयार होते. तेपेस्ताते ही डोंगरातली रानटी जात वीस-पंचवीस वर्षे घेते. मधून फुलाचा दांडा वर येऊ लागला की तो छाटतात, म्हणजे साखर फुलात न जाता गड्ड्यातच राहते. मग पाती तासून उरतो तो गड्डा. दिसायला अननसासारखा, म्हणून त्याचे नावही पिन्या, म्हणजे अननसच. चांगला गड्डा ५० किलोंच्या घरात, कधी त्याहूनही भारी भरतो.

खरी मेहनत पुढे आहे. जमिनीत दगडांनी मढवलेला, तळाशी निमुळता होत गेलेला खड्डा असतो. त्यात लाकडे पेटवून दगड लालबुंद तापवतात. गड्डे करपू नयेत म्हणून दगडांवर मागच्या खेपेचा ओला चोथा पसरतात, मग फोडलेले गड्डे रचतात, वर चटया किंवा पाती आणि शेवटी माती. या ढिगावर लाकडी क्रूस रोवण्याची चाल कित्येक ठिकाणी आहे. तीन ते पाच दिवस त्याला कोणी हात लावीत नाही. एवढा खटाटोप कशासाठी? कच्च्या गड्ड्यातली साखर अशा रूपात असते की यीस्टला ती सहज खाता येत नाही. मंद उष्णतेने ती मोकळी होते आणि गड्डा गोड लागतो. मेस्काल या शब्दाचा जुन्या नाहुआत्ल भाषेतला अर्थही 'शिजवलेली घायपात' असाच आहे.

शिजलेले गड्डे घोड्याने ओढलेल्या दगडी चाकाखाली भरडतात. चुना मळण्याची घाणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चाक लगेच डोळ्यांपुढे येईल. रस आणि चोथा पाणी घालून उघड्या लाकडी पिंपांत आंबवतात. बाहेरचे यीस्ट घालीत नाहीत. हवेतले आणि भट्टीतलेच काम करते. उन्हाळ्यात काही दिवसांत, थंडीत दोन आठवड्यांनी ते तयार होते. मग तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचे. सांता कातारिना मिनास या गावी अजून मातीच्या मडक्यांतून गाळतात. कडकपणा पाहण्यासाठी वेताच्या नळीने मद्य वाटीत सोडून बुडबुडे किती टिकतात ते बघतात. गोव्याच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही, कारण फेणी हे नावही फेसावरूनच आले असे मानतात.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तेथली कुटुंबे घरातल्या वेदीवर दिवंगतांची छायाचित्रे, पाव, झेंडूची फुले आणि मेस्कालचा पेला ठेवतात. झेंडूही मूळचा तिकडचाच.

१९९४ साली मेस्काल या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे परदेशांतून मागणी वाढली आणि तिच्याबरोबर अडचणही आली. तोबाला ही रानटी जात मुख्यतः बियांपासूनच वाढते, आणि बी धरायचे तर झाड फुलू द्यावे लागते. पण फुलायच्या आधीच गड्डा खणला जातो. भाव चढला की कोवळी झाडेही सुटत नाहीत. या फुलांतला मध पिऊन परागण करणाऱ्या वटवाघळांचेही खाणे त्यामुळे तुटते. म्हणून काही शेतकरी आता शेतातली काही झाडे मुद्दाम फुलू देतात आणि बियांची रोपे करतात. दहा वर्षांनंतरच्या उत्पन्नासाठी आज हातातला पैसा सोडणे सोपे नाही, हे कर्ज काढून शेती करणाऱ्याला सांगावयास नको.

आता आरोग्याविषयी. बुडबुड्यांवरून कडकपणा कळतो, विष कळत नाही. घायपातीच्या मद्यात थोडे मिथेनॉल असतेच. मेक्सिकोच्या नियमाने १०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलमागे ते ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. ते चवीने ओळखता येत नाही. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटाद भागात कारखान्यातले मिथेनॉल दारू म्हणून विकले गेले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली. प्यायल्यावर काही तासांनी डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागले, पोटात दुखले, धाप लागली तर झोपू देऊ नका. तडक दवाखान्यात न्या. वेळेवर पोहोचल्यास उपचार आहेत. चांगल्या मद्याचीही निर्धोक अशी मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्या बांधावरच्या घायपातीची दारू घरी गाळण्याचा विचार कोणी करू नये. परवान्यावाचून तो गुन्हा आहे. तिचा वाख मात्र जरूर काढावा. पाती तोडताना रस अंगाला लागला तर खाज सुटून पुरळ उठते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हातमोजे चढवावेत, डोळे जपावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.