गहू सोडला, तरी पोट का बिघडते?

फराळाच्या ताटात गव्हाचा वाटा किती मोठा, हे ज्या घरात कोणाला गहू वर्ज्य आहे तेथेच कळते. करंज्या, शंकरपाळे, चिरोटे, रव्याचे लाडू, सगळे बाद! उरतात अनारसे, बेसनाचे लाडू, चिवडा आणि चकली. रोगी तेवढ्यावर समाधान मानतो, आणि तरीही पोट फुगते, जुलाब होतात. मग घरातली वडील मंडळी म्हणतात, "कसले आले पथ्य! चोरून खात असेल." वस्तुतः चोरी बहुधा गव्हाचीच असते. तो मागच्या दाराने घरात शिरलेला असतो.

कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे सिलियाक विकाराचे मूळ. या विकारात शरीर त्याच्याशी वैर धरते आणि त्या लढाईत लहान आतड्याचे मखमलीसारखे लवदार अस्तर झिजून सपाट होते. खाल्लेले अंगी लागत नाही; मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांना रक्तक्षय होतो. गव्हावर संशय घेणारा विलेम कारेल डिके हा हॉलंडचा बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि डिकेचे आजारी बालरुग्ण सुधारू लागले. पाव परत येताच दुखणेही परतले. १९५० साली त्याने या विषयावर आपला प्रबंध सादर केला. औषध आजही तेच आहे: गहू, जव आणि राय आयुष्यभर वर्ज्य.

पण वर्ज्य म्हणजे किती? आपल्याकडे ग्लुटेनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा नियम आहे. हे लक्षात घेऊन स्वयंपाकघरात पाहा. पहिला आरोपी हिंग! बाजारातला बांधाणी हिंग पुष्कळदा मैदा घालूनच बनवतात, आणि तो तर आमटीत रोज पडतो. दुसरी आरोपी पिठाची गिरण. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यातून आपली ज्वारी निघते. ती भाकरी नावाची ज्वारीची, आत थोडी गव्हाची. म्हणून अशा घरात धान्य स्वतः निवडून वेगळ्या घरगुती चक्कीवर दळणे बरे. चकलीच्या भाजणीतही काही घरी मूठभर गहू असतोच. शंकरपाळे तळलेल्या तेलात चकली सोडली, पोळीच्या तव्यावर भाकरी टाकली, की पथ्य बुडालेच. ओट्स, सोया सॉस, माल्ट घातलेली पेये हीही तपासावी. सुनेने वेगळा तवा मागितला तर त्याला नखरे म्हणू नये, एवढी विनंती सासूबाईंना करावीशी वाटते.

घर धुंडाळूनही त्रास थांबला नाही तर? एक तर काळ कमी पडला असेल. प्रौढांचे आतडे पूर्ववत व्हायला दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. दुसरे, दूध. दुधातली साखर पचवणारे द्रव्य त्या लवेच्या टोकांशीच तयार होते. लव झिजली की दूध सोसत नाही. आतडे भरून आले की ते पुष्कळांना पुन्हा सोसते, तेव्हा ते कायमचे तोडण्याची घाई नको. याशिवाय लहान आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ, मोठ्या आतड्याचा दाह, स्वादुपिंडाचा अशक्तपणा, अशी आणखी कारणे डॉक्टर शोधतात. वजन उतरणे, शौचातून रक्त, सतत ताप यांत मात्र एक दिवसही दवडू नये.

अलीकडे शेजारणीच्या सांगण्यावरून गहू सोडणारेही पुष्कळ आहेत. त्यांची अडचण निराळी. सिलियाकची रक्तपरीक्षा आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेऊन होणारी तपासणी गहू खाण्यात असतानाच भरवशाची ठरते. आधीच सोडला तर निकाल फसवा येऊ शकतो. कित्येकांना मुळात ग्लुटेन नव्हे, गव्हातल्याच एका प्रकारच्या कर्बोदकाने गुबारा धरतो. ते कांदा-लसणातही असते. तेव्हा पोळी सोडून कांद्याची भाजी ताटात राहिली तर पोट कसे थांबावे? परीक्षेसाठी गहू पुन्हा सुरू करायचा तोही डॉक्टरांना विचारूनच.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभर काय खाल्ले याची वही न्यावी. तीत केवळ भात-भाकरी नको. मसाल्याची पुडी, पापड, घेत असलेल्या गोळ्या, हॉटेलातला डोसा, सारे लिहावे. आणि हिंगाची डबी पिशवीतच टाकावी.