सत्ताविसाव्या आठवड्याचा हप्ता

माझगावात घर घ्यायचा विषय बहुतेकदा पाळण्यावरून निघतो. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची जुनी इमारत, एक खोली, पोटमाळ्यावर दीर, खाली सासू-सासरे. सोनोग्राफीचा रिपोर्ट घरात आला की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, पाळणा बांधायचा कुठे? मग संध्याकाळी डोंगरावरच्या जोसेफ बाप्टिस्टा उद्यानात फिरताना नवरा-बायको समोरच्या टॉवरचे मजले मोजू लागतात.

शेजारची खोली रिकामी होतेय, तीच घेऊ, हा सगळ्यात सोपा विचार. तो बँकेच्या दारात अडतो, कारण खोली पागडीची असते. पागडीत हात बदलतो तो भाडेकरूचा हक्क, मालकी घरमालकाकडेच राहते. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली. तरी बँकेला गहाण ठेवून घ्यायला मालकीचा दस्त लागतो, आणि भाडेपावतीवर सहसा गृहकर्ज होत नाही. शिवाय इमारतीचं वय आहेच. २७ सप्टेंबर २०१३ला याच भागात बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ जण गेले. ती इमारत पागडीचीही नव्हती आणि फारशी जुनीही नव्हती. तेव्हापासून इथे भिंतीला तडा दिसला की माणसं दोनदा बघतात.

म्हणजे नवं घर, आणि त्यासाठी मोठं कर्ज. इथे प्रत्येक गरोदर बाईच्या मनात एक प्रश्न असतो: बँकेला सांगायचं का?

गृहकर्जाच्या अर्जात गरोदरपणाचा रकाना सहसा नसतो. अवलंबून असलेल्यांची संख्या विचारतात, पण त्यात न जन्मलेलं मूल धरत नाहीत. कर्ज देताना लिंग, जात किंवा धर्म यावरून भेदभाव करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेची न्याय्य व्यवहार संहिता सांगते. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. ते मागून घ्या. ‘वरून झालं नाही’ हे कारण नव्हे.

कागदावर नियम असला तरी बँकांची नजर स्वच्छ असतेच असं नाही. डिसेंबर २०२१च्या अखेरीस स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवारांना नोकरीसाठी ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणारं परिपत्रक काढलं होतं. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. अमेरिकेत तर प्रकरण थेट गृहकर्जाचंच होतं. गरोदर आणि बाळंतपणाच्या रजेवरच्या बायकांना कर्जात अडवल्याच्या तक्रारींवर वेल्स फार्गो बँकेने २०१४ साली ५० लाख डॉलरची तडजोड केली.

तरीही माझं मत असं, की मंजुरीची भीती इथे वाजवीपेक्षा जास्त आहे आणि हप्त्याची कमी. दोघांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा आणि क्रेडिट स्कोअर नीट असला की कर्ज मंजूर होतं. नंतरच्या महिन्यांचा हिशेब मात्र बँक करून देत नाही.

पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबईने देशात सर्वांत आधी केला, १९२९ साली, तो कारखान्यांत राबणाऱ्या बायांसाठी. आदल्या वर्षी कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. पुढे १९६१चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ‘कन्सल्टंट’ म्हणून बिलं लावणाऱ्या किंवा घरून डबे करणाऱ्या बाईला यातलं काहीच मिळत नाही.

म्हणजे खड्डा येतो तो सत्ताविसाव्या आठवड्यात. बाळ जेमतेम चार-पाच महिन्यांचं, सांभाळायला कुणी मिळालेलं नाही, म्हणून आणखी तीन महिने बिनपगारी रजा. ही रजा बहुतेक घरांत ठरलेलीच असते, फक्त ती कुणी वहीत लिहीत नाही.

समजा, १ कोटी १० लाखांचा फ्लॅट आहे. माझगावात एवढ्यात काय येतं ते दलालालाच विचारा. हार्बर लाइनवर जरा पुढे सरकलात तर बरं. ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपलीकडे जात नाही. ८० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं: हप्ता सुमारे ६९,४०० रुपये. तीन बिनपगारी महिन्यांचे दोन लाख आठ हजार. एवढी रक्कम वेगळी काढल्याशिवाय सही करू नका. घरातली एफडी आणि सोनं सगळं डाउन पेमेंटमध्ये ओतायची आपल्याकडे हौस असते, कर्ज तेवढं कमी म्हणून. बाळंतपणाच्या वर्षात मी उलट सांगेन. बसत असेल तर कर्ज थोडं जास्त घ्या आणि पैसे हाताशी ठेवा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, उरलेले नंतर भरता येतात.

स्टॅम्प ड्युटी कर्जात येत नाही. मुंबईत ती सहा टक्के, आणि घर फक्त बाईच्या नावावर असेल तर पाच. आपल्या उदाहरणात १ लाख १० हजार वाचतात, म्हणजे दीड हप्ता. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की सवलत गेली. तो नुसता सहकर्जदार राहू शकतो, पण मालक नसल्याने जुन्या करप्रणालीतली व्याजाची वजावट त्याला मिळत नाही. दोन्ही आकडे मांडून बघा.

कर्जासोबत विमा सक्तीचा आहे असं कुणी म्हणालं तर रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवा म्हणावं. टर्म विमा मात्र लवकर घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अनेक कंपन्या अर्ज पुढे ढकलतात.

करारावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी. सब-रजिस्ट्रार कचेरीत अंगठा आणि फोटो असतो, तासन्‌तास बाकावर बसणं असतं. नववा महिना त्यासाठी नव्हे. माहेरी जायच्या आधी ते उरका.

बांधकाम चालू असलेल्या घरात ताबा मिळेपर्यंत बऱ्याचदा नुसतं व्याज भरावं लागतं, त्यामुळे पहिली वर्षं हलकी जातात. पण ताबा लांबला तर पाळणा पोटमाळ्याखालीच बांधावा लागतो.

आणि बँकेत जाण्याआधी एचआरकडे जा. पगारी आठवडे किती, रजेत कोणते भत्ते आणि इन्सेन्टिव्ह बंद होणार, परत रुजू व्हायची तारीख कोणती, हे पत्रावर लिहून घ्या. तोंडी ‘बघू’वर वीस वर्षांची सही करू नका.